ब्रेकवरचा पाय

माझ्या हातून आयुष्यात चुका पुष्कळ झाल्या, पण रोज नेमानं, मन लावून, घागरी भरभरून केलेली चूक एकच. ती सांगायची तर आधी आमचं घर सांगायला हवं. नगर जिल्ह्यातल्या राजूरहून अकोल्याकडे येणारा रस्ता घाट उतरून जिथं सपाटीला लागतो, तिथं रस्त्याच्या कडेलाच आमची वस्ती होती. पुढं अंगण, बाजूला गोठा, मागं विहीर आणि विहिरीपलीकडं भाताची चार खाचरं. आमचे आबा भाड्यानं बैलगाड्या चालवायचे. राजूरच्या बाजारातनं हिरडा आणि भाताची पोती खाली आणायची, आणि वर जाताना मीठ, रॉकेल, कापडाचे गठ्ठे घेऊन जायचे. गाडी घाट उतरायला लागली की दगडांवर चाकांची लोखंडी धाव घासल्याचा आवाज आमच्या चुलीपर्यंत यायचा. आई भाकरी थापता थापता नुसत्या आवाजावरनं सांगायची, "आली गं, शेवटच्या वळनाला आली." तेवढ्यात तव्यावरची भाकरी उलटून व्हायची आणि मी घागर घेऊन विहिरीकडं पळायची.

कारण आमच्या आईचा एक नियम होता. घाट उतरून आलेल्या बैलांच्या पायांवर गार पाणी घातल्याशिवाय घरात कुणी ताटावर बसायचं नाही. आबासुद्धा नाही. बैलांना सोडलं की आधी मी पाणी ओतायचं, खुरांपासून गुडघ्यापर्यंत, मग वैरण, आणि मग माणसांची जेवणं. माणसं म्हणजे आम्ही चौघंच, त्यातला दादा तेव्हा लढाईवर. जेवण तरी काय, नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी आणि हुलग्याचं पातळ कालवण. पण ते बैलांच्या आधी कुणाच्या पोटात गेलं नाही. आबा कधी फार दमून आले आणि ओसरीवर टेकले, तर आई आतनं म्हणायची, "वझं तुमी वढलं का त्यांनी?" आबा गप उठायचे. आमच्या घरात आबांचा दरारा गावाला दिसायचा आणि आईचा फक्त आम्हाला.

लढाई संपली आणि दादा परत आला. गावात कुणी लढाई म्हणत नसे, लाम म्हणायचे. "सोपाना लामावरनं आला" असं जो तो सांगत सुटला आणि आठ दिवस आमच्या अंगणात माणसं मावली नाहीत. दादा ब्रह्मदेशाच्या जंगलात लष्कराच्या सामानाच्या गाड्या चालवत होता, एवढंच आम्हाला ठाऊक. लोकांनी नाना तऱ्हांनी विचारून बघितलं, पण हा पठ्ठ्या "लई पाऊस हुता" याच्यापुढं काही सांगेना. त्याचा हात थोडा थरथरतो हे मला दुसऱ्याच दिवशी दिसलं. कपातला चहा बशीत सांडला, त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मी उगाच चुलीकडं बघत बसले. असल्या गोष्टीवर बोलायची आमच्याकडं रीत नव्हती. आता माझ्या नातवंडांना जरा झोप कमी लागली तरी डॉक्टर गाठतात, आणि बरं करतात. आम्ही नुसते चुलीकडं बघत बसलो.

पुढच्याच वर्षी दादानं आबांच्या मागं लागून नगरहून लष्कराची टाकाऊ गाडी आणली. पुढं दोघांना बसायला जागा, मागं उघडा हौदा. दादा तिला "पिकप" म्हणायचा, गाव "मोटार" म्हणायचं आणि आई "ती". बैलांची एक जोडी त्याआधीच रोगानं गेली होती, दुसरी आबांनी त्या गाडीपायी विकली, आणि विकून आले त्या दिवशी ते गोठ्याकडं फिरकले नाहीत. आई मात्र दारात हळदकुंकवाचं ताट घेऊन उभी राहिली. तिनं गाडीच्या तोंडाला कुंकू लावलं, चारी चाकांवर हळद टाकली आणि मला म्हणाली, "आता हीच आपली बैलं. घाटातनं आली की पायावर पानी घालायचं. इसरायचं न्हाई."

मी कशाला विसरते! उलट मला त्याची मजाच वाटायची. दादा रोज व्यापाऱ्यांचा माल आणि बाजारच्या दिवशी हौद्यात माणसंही घेऊन घाट उतरून यायचा, दारात गाडी उभी करून सरळ विहिरीमागं आंघोळीला जायचा. त्याचं पाणी आईनं तापवून ठेवलेलं असायचं. तो गेला रे गेला की मी घागर घेऊन पुढच्या चाकांपाशी. चाकाच्या आतल्या बाजूला पाणी मारलं की 'चर्रर्र' असा आवाज व्हायचा आणि वाफ यायची, तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारल्यासारखी. मी मनाशी म्हणायची, बघ गं बाई, किती तापलेत बिचारीचे पाय. पुढच्या दोन चाकांना दोन दोन घागरी, मागच्यांना एक एक. दादा आंघोळ करून यायचा तेव्हा चाकं ओली आणि स्वच्छ. तो म्हणायचा, "गिरजे, लष्करात बी इतकी साफ गाडी कुनी ठिवत नव्हतं." पाणी कधी घातलं हे त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात?

गाडीचं काम करताना दादाला आत बसून ब्रेक दाबायला कुणीतरी लागायचं. ब्रेकच्या तेलात हवा शिरली की ती काढताना एकानं खाली निजून नळीचं तोंड सोडायचं आणि दुसऱ्यानं आत बसून पाय मारायचा. आबा गाडीत पाऊल ठेवायला तयार नसत, आईचा प्रश्नच नव्हता, म्हणून मी. तिथनं मग गिअर कुठला, क्लच कुठला, हे कळत गेलं, आणि एक दिवस घरामागच्या माळावर मी गाडी हाकलीसुद्धा. मी तेव्हा सतरा वर्षांची. घरात माझ्या लग्नाचं चाललेलं. आईनं विहिरीवरनं ते बघितलं आणि जी ओरडली! "कुनी पावन्यानं बघितलं तर जन्मभर घरात बसशील, भवाने!" दादा म्हणाला, "बसंल की. गाडी हानील माझी." आईनं त्या दिवशी आम्हा दोघांना कालवण वाढलं नाही, नुसती चटणी.

असं सगळं बरं चाललेलं असताना, पाऊस संपून भाताची कापणी सुरू झाली त्या सुमारास गाडी थरथरायला लागली. नुसती चालताना नाही. सपाटीला, चढाला अगदी शहाण्यासारखी चालायची. ब्रेक दाबला की मात्र तोंड हलायचं, आधी बारीक, चाळण हलवावी तसं, आणि घाटात तर मागची माणसं एकमेकांना धरून बसायची. आमच्या गाडीला माल देणारे राजूरचे हिरड्याचे व्यापारी नानाशेठ. माणूस वाईट नव्हता, पण तोंडाला झाकण नाही. ते एकदा गाडीत पुढं बसून आले, आमच्या दारात उतरले, धोतर झटकलं आणि अंगणात आबांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आबा, पोरगा तुमचा गुणाचा आहे. पण लामावरनं आल्यापासून त्याचा हात धड नाही. मी हॉटेलात बघितलंय, कप धरवत नाही त्याला. पाय तरी कसा धड राहील? ब्रेकवर पाय लटपटतो, गाडी थरथरते. माणसांचा जीव आहे त्यात. पुढच्या बाजारापासून माझा माल मी दुसऱ्या गाडीनं धाडतो." दादा तिथंच उभा होता. आबांनी काहीतरी म्हणावं म्हणून मी त्यांच्याकडं बघितलं. आबा खाली बघत होते.

नानाशेठचं ते बोलणं दोन दिवसांत सगळ्या खोऱ्यात झालं. पुढच्या बाजाराला दादा वर गेला आणि रिकामाच खाली आला. ज्या बाया हौद्यात चढून गाणी म्हणत यायच्या त्या पायी घाट उतरल्या. दादानं गाडी उभी केली, किल्ली खुंटीला लावली आणि आबांना म्हणाला, "इकून टाका. बैलं घ्या परत." आबा लगेच म्हणाले, "बघतो गिऱ्हाईक." इतक्या लगेच म्हणाले की मला त्यांचा संताप आला. आज त्यांच्या वयाहून मी मोठी झाले, आज कळतं की त्यांना पोरगा हवा होता, गाडी नव्हे. पण तेव्हा वाटलं, एका शब्दानं तरी म्हणायचं, की सोपाना, तुझा पाय चांगला आहे.

दुसऱ्या दिवशी मी खाचरात भाकरी घेऊन गेले. दादा बांधावर बसला होता, विळा तसाच बाजूला पडलेला. मी फडकं सोडलं, भाकरीवर चटणी दिली आणि तोंड उघडलंच. मला गप राहणं तेव्हाही जमत नव्हतं.

"दादा, गाडी का तपासत न्हाईस तू? एवढी लष्करात शिकलास."

"काय तपासू?"

"काय म्हंजे? हालती ती."

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाला, "गिरजे, ब्रेक दाबला की माझ्या पायाखाली पेडल हालतं. आता पाय पेडलाला हालवतोय का पेडल पायाला, ते मला कळत न्हाई. खरंच कळत न्हाई. आन गाडी समदी खोलली, आन काईच निघालं न्हाई, तर?"

त्याचं ते 'तर' मला अजून ऐकू येतं. गाडी बिघडलेली असली तर ती दुरुस्त करता येते. पण ती धडधाकट निघाली, तर मग बिघडलेला तो. म्हणून हा शहाणा किल्ली खुंटीला लावून बसला होता. मला रडू आलं आणि रागही आला. राग जास्त. मी म्हटलं, "ऊठ."

"कुठं?"

"माळावर. गाडी मी हानते. तू बाजूला बसायचं, आन पाय वर घ्यायचे."

तो नाही नाही म्हणत होता. मी त्याच्या हातातली भाकरी काढून फडक्यात बांधली आणि चालायला लागले. उपाशी माणूस भाकरीच्या मागं येतोच. घरी आई लाकडं फोडत होती, आबा गोठ्यात होते. मी खुंटीवरनं किल्ली घेतली ती दोघांच्या डोळ्यांदेखत. आई कुऱ्हाड टाकून पुढं आली. मी तिला म्हटलं, "पावनं येऊ देत न्हाईतर देव येऊ दे, आज मला आडवू नगंस." आई खरोखरच थांबली. माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे.

माळावर मुरूम पक्का होता. दादा माझ्या डाव्या हाताला बसला. मी म्हटलं, "पाय वर." तर त्यानं बैठकीवर जेवायला बसावं तशी मांडी घातली, हात मांडीवर ठेवले आणि समोर बघत बसला. मी गाडी चालू केली. दुसऱ्या गिअरमध्ये घातली, तिसऱ्यात घातली. गाडी सुरेख पळत होती. माळाच्या शेवटाला बाभळीचं झाड होतं, ते जवळ आलं तसा मी ब्रेक दाबला.

गाडी थरथरली. सुकाणूचं चाक माझ्या हातात इकडून तिकडं व्हायला लागलं आणि पायाखालचं पेडल मला उलटं ढकलायला लागलं, धक् धक् धक्, कुणी खालनं लाथा मारल्यासारखं. गाडी थांबली तेव्हा बाभळीत आणि आमच्यात हातभर अंतर होतं. मी ओरडले, "माझा बी पाय लामावर गेलता का रं?"

दादानं मागं वळायची खूण केली. म्हणाला, "परत." मी परत चालवली, परत दाबला. परत तेच. "परत." असं आम्ही पाच-सहा वेळा केलं. तो मांडी घालूनच बसलेला. शेवटच्या वेळी त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. रडतही होता आणि हसतही होता. म्हणाला, "गिरजे, पेडल ढकलतंय गं. पेडल ढकलतंय." मीही रडले. आई-आबा माळाच्या कडेला उभे राहून बघत होते. त्यांना वाटलं, पोरांना वेड लागलं.

त्यानंतर दादाला धरवेना. तिथंच माळावर त्यानं जॅक लावला. आधी चाकांचे नट बघितले, घट्ट होते. मग चाक दोन्ही हातांनी धरून वर-खाली, आडवं हलवून बघितलं, सुकाणूच्या सांध्यांत कुठं ढिलाई नव्हती. पाट्यांची स्प्रिंग बघितली, तीही जागच्या जागी. प्रत्येक गोष्ट बरी निघाली की मी त्याच्या तोंडाकडं बघायची, पण तिथं आता भीती नव्हती. मग त्यानं ब्रेक एवढा आवळला की आतले पट्टे चाकाला जेमतेम टेकावेत, आणि उचललेलं पुढचं चाक हातानं फिरवलं. मला म्हणाला, "कान दे." मी वाकले. चाक सारखं घासत नव्हतं. 'खस्स' व्हायचं, मग शांत, मग परत 'खस्स', परत शांत. "एका जागी धरतंय, एका जागी सोडतंय," दादा म्हणाला. त्यानं चाक काढलं. चाकाच्या आत लोखंडाचा जाड, परातीसारखा गोल असतो, त्याला ड्रम म्हणतात. ब्रेक दाबला की आतनं दोन पट्टे फाकून त्याला घासतात आणि चाक थांबतं. दादानं तो ड्रम काढला, बांबूची एक काडी तासून तासून बरोबर आत आडवी बसेल एवढी केली आणि ती आतल्या आत फिरवली. एका अंगाला काडी अडकायची, दुसऱ्या अंगाला गळून पडायची. फरक म्हणाल तर केसाएवढा. पण गोल राहिला नव्हता. दुसऱ्या पुढच्या चाकाचाही तसाच.

"वाकडा झालाय," दादा म्हणाला. "तापल्यावर गार पानी लागलं की व्हतो असा. लष्करात आमाला हेच पयलं शिकवायचं. घाट उतरला की पान्यात घालू नका." आणि मग त्याचा चेहरा परत पडला. "मी घातली. वढ्यातनं रोज आनतो की मी. अंगात मस्ती, घाईनं घालतो तशीच. म्हंजी माजंच."

आमच्या घराच्या अलीकडं एक ओढा होता खरा, पण त्या दिवसांत त्यात चाकाची धाव भिजेल एवढंही पाणी नसायचं. दादाला ते कळत होतं, पण त्याला स्वतःवर घ्यायची खोड लागली होती. नुकतं कुठं डोक्यावरचं ओझं उतरलं होतं, ते परत उचलायला निघाला हा. मी तिथं उभी होते आणि माझ्या कानात 'चर्रर्र' होत होतं. खरं सांगते, एक क्षण मला वाटलं, घेतोय स्वतःवर तर घेऊ दे. गाडी तर दुरुस्त होणारच आहे. लग्नाची पोर, गाडी बिघडवली म्हणून नाव कशाला होऊ द्या! मग त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि बोलून टाकलं.

"वढा न्हाई. मी घालते पानी. तू आंघुळीला गेलास की. रोज. पुढच्याला दोन दोन घागरी."

दादा माझ्याकडं वळला. तेवढ्यात आई पुढं आली. "तिला कशाला बोलतोस? मी सांगितलंय तिला. बैलांच्या पायावर घालतो तसं घातलं, त्यात काय बिगाडलं? गार केल्यानं कुनी बिगाडतंय व्हय?"

दादा काही बोलायच्या आत आबा म्हणाले, "थांब." आबा गाडीच्या इतक्या जवळ पहिल्यांदाच आले होते. त्यांनी ड्रमवरनं बोट फिरवलं आणि आईला विचारलं, "बैलगाडीच्या चाकाला धाव बसवताना लोहार काय करतो?"

"लाल करतो. चाकावर चढवतो. मग पानी वततो."

"का वततो?"

"आवळायला," आई म्हणाली, आणि तोंडावर पदर धरून मटकन् खालीच बसली. जन्म गाडीवानाच्या घरात गेलेला, लोखंड पाण्यानं आवळतं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण बैल आला की पाणी घालायचं हे तिच्या हातात होतं आणि लोखंडाचं ते लोहाराच्या भट्टीपाशी, आणि या दोन गोष्टी तिच्या मनात कधी भेटल्या नव्हत्या. माझ्याही नाही. आई म्हणाली, "अगं बया, पोराच्या पायाला बोल लागला आन केलं मी!" दादा तिच्याजवळ बसला. तो तिला एकच सांगत होता, "बरं झालं आई. लई बरं झालं." तिला ते चिडवणं वाटलं आणि तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. पण तो चिडवत नव्हता.

दोन्ही ड्रम पोत्यात बांधून दादा नगरला निघाला. मीही हट्ट धरला. आई म्हणाली, "जाऊ दे तिला. केलंय, तर निस्तरू दे." एक ड्रम मी सबंध वाट मांडीवर घेऊन बसले, सर्व्हिस मोटारीतली माणसं विचारत होती, बाई, जातं का दुरुस्तीला? नगरला शांतवन मिस्त्री म्हणून एक ख्रिस्ती गृहस्थ होते, दादाच्या लष्करातल्या ओळखीचे. छपराखाली लोखंड कापायचं एक मोठं लेथ, भिंतीला टांगलेला क्रूस आणि कानामागं पेन्सिल. त्यांनी ड्रम यंत्रावर चढवला, फिरवला आणि हत्यार हळूच टेकवलं. हत्यार अर्ध्या फेऱ्यात लोखंड कापायचं आणि अर्ध्यात हवेत. पहिल्यांदा आत नुसत्या दोन चंद्रकोरी चकाकल्या. मग त्या वाढत वाढत एकमेकींना भेटल्या आणि सबंध गोल लख्ख झाला. लोखंडाच्या कुरळ्या सोलपट्या माझ्या पायाशी पडत होत्या. मिस्त्री चष्म्यावरनं दादाकडं बघून म्हणाले, "सोपानराव, पाणी कुणी घातलं?" मी म्हटलं, "मी." ते म्हणाले, "बरं झालं खरं सांगितलंस. पुन्हा घातलंस तर कापायला लोखंड उरणार नाही, एवढं लक्षात ठेव." मग त्यांनी आम्हाला घरी जेवायला नेलं. त्यांच्या बायकोनं वाढलेलं वांग्याचं भरीत मी नंतर बरेचदा करून बघितलं, तसं जमलं नाही.

दादानं ड्रम बसवले, पट्टे घासून बेताचे केले, तेलातली हवा काढली. पाय मारायला अर्थात मीच. मग म्हणाला, रिकाम्या गाडीनं काही कळायचं नाही. म्हणून आम्ही आमच्याच काळभाताची पोती हौद्यात भरली आणि सकाळी ऊन पडल्यावर घाट चढून गेलो. आबा म्हणाले होते, "मी बी येतो." दादा म्हणाला, "आदी आमी दोघं बघतो." राजूरच्या अलीकडनं गाडी वळवली आणि उताराला लागलो. दादा खालच्या गिअरवर गाडी आणत होता. पहिल्या वळणाला त्यानं ब्रेक नुसता चाखला. काही नाही. दुसऱ्याला जरा जास्त. काही नाही. मी हसत होते, बडबडत होते, नानाशेठचं धोतर झटकणं करून दाखवत होते. दादाच्या कपाळावर मात्र घाम होता.

सगळ्यात मोठ्या वळणावर वरच्या कड्यावरनं एकदम शेरडांचा कळप रस्त्यात उतरला. दादानं जीव खाऊन ब्रेक दाबला. मागं पोती घसरून फळीला आदळली. गाडी थांबली. थरथर नाही, हिसका नाही, जमिनीत खुंटी मारावी तशी जागच्या जागी थांबली. शेरडं तोंडासमोरनं रमतगमत गेली. मी टाळ्या पिटायला हात उचलले आणि सहज खाली बघितलं.

गाडी उभी होती. सुकाणूचं चाक स्थिर होतं. माझ्या बाजूच्या दाराचा एरवी सदानकदा वाजणारा पत्रासुद्धा वाजत नव्हता. आणि ब्रेकवरचा दादाचा पाय गुडघ्यापासून घोट्यापर्यंत थरथरत होता. पेडल दाबलेलं, खाली टेकलेलं, तसूभर हलत नव्हतं. पाय हलत होता.

माझे हात तसेच राहिले. मी वर बघितलं तर दादा माझ्याकडंच बघत होता. आम्ही दोघांनी एकमेकांचं बरंच खोटं खपवून घेतलं असेल, पण त्या वेळी मला चुलीकडं बघता आलं नाही, कारण तिथं चूल नव्हती.

"दिसलं?" दादा म्हणाला.

"व्हय."

"गाडी थांबली का न्हाई?"

"थांबली."

"शेरडू एक तरी मेलं का?"

"न्हाई."

"मग झालं तर," दादा म्हणाला. त्यानं पाय पेडलावर तसाच ठेवला, थरथर आपोआप कमी होईपर्यंत वाट बघितली, मग गिअर टाकला आणि आम्ही घाट उतरायला लागलो.